भादव्याचा कोपरा

माय,

ऑफिसातलं जुनं कपाट रिकामं करायला घेतलं आणि तळाशी आपल्या घराचा नकाशा सापडला. मीच काढलेला, ट्रेसिंग कागदावर, पेन्सिलीनं, घराचं काम काढलं होतं तेव्हाचा. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणजे हा कागद सतरा वर्षांचा. कडा पिवळ्या पडल्यात. सोडला की आपसूक गुंडाळला जातो, म्हणून एका टोकावर पाण्याची बाटली आणि दुसऱ्या टोकावर चष्म्याचं घर ठेवून लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असून लिहिते आहे. तू होतीस तेव्हा फोनवर दोन मिनिटं बोलायला मला सवड नसायची आणि आता पानंच्या पानं लिहायला बसले, यावर तू काय बोलली असतीस तेही मला ठाऊक आहे. या नकाशावर एक खूण आहे. सांगायचं आहे ते त्या खुणेचं, पण एकदम तिथं जायचा धीर होत नाही. आपल्या घरात शिरायचे तशी उंबऱ्यापासून येते.

आपलं स्वयंपाकघर नऊ फूट बाय नऊ फूट. हे मला टेप लावल्यावर कळलं. त्याआधी ती खोली एका वर्षाएवढी आहे एवढंच माहीत होतं. उंबऱ्यातून आत आलं की उजव्या हाताला, भिंतीच्या पायथ्याशी, चैत्र सुरू व्हायचा. पुढं वैशाख, तिथं भिंतीला एक आडवी भेग होती. जेठ कोपऱ्यात, हळदीच्या बेण्याच्या टोपल्यांपाशी. आखाड जिथं पत्र्यातून ओल उतरून डाग पडला होता तिथं, श्रावण देवाच्या कोनाड्याखाली, आणि मग भादव्याचा कोपरा. मागच्या भिंतीला दसरा-दिवाळी. तिसऱ्या कोपऱ्यात जात्याजवळ मार्गशीर्ष, पुढं पौष, माघ, आणि दाराच्या डाव्या अंगाला चूल, तिथं फाल्गुन. फाल्गुनात हळद शिजते, म्हणून तो चुलीजवळ, असं तू सांगायचीस. चूल ओलांडली की पुन्हा उंबरा, पुन्हा पाडवा. एका महिन्याला तुझे दोन हात, एका दिवसाला दीड बोट. आणि रोज सकाळी झाडून झालं की तू भिंतीच्या कडेला ठेवलेलं एक हळकुंड दीड बोट पुढं सरकवायचीस. ते हळकुंड म्हणजे आज. दर तीन वर्षांनी धोंड्याचा महिना आला की हळकुंड उचलून खोलीच्या मधोमध न्यायचीस. मी विचारलं होतं, याला भिंत का नाही? तू म्हणालीस, "पाव्हणा हाय तो. पाव्हण्याला मधी बसवावं, भितीला कशाला टेकवावं?"

बाकीच्या गावात कुणाच्या घरी वर्ष असं मांडलेलं नव्हतं. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांकडं असतं. शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी जाऊन "तुमचा श्रावण कुठंय?" असं विचारलं होतं मी, आणि तिची आई पदर तोंडाला लावून इतकी हसली की मी चिडून न जेवता घरी आले. तू मात्र हसली नाहीस. मला पाटावर बसवून म्हणालीस, "त्यांला लिवता येतं, बाई. मला न्हाई येत. डोस्क्यात ठेवलं की हरवून जातं माहं. भुईवर ठेवलं की रोज दिसतं." एवढंच. आणि भाकरी थापायला लागलीस. काळजीलासुद्धा तू जागा दिली होतीस. बाबा जेवताना पावसाचं काही कुरकुरायला लागले की आढ्याकडं हात करून म्हणायचीस, "तिथं टांगा जरा, जेवण झाल्यावर काढू." बाबा वैतागायचे आणि खरंच गप जेवायचे.

बाबा एकदा हळद विकायला वसमतला मोंढ्यावर गेले होते. मी चार-पाच वर्षांची असेन. परवा म्हणजे काय, तेरवा म्हणजे काय, हे मला काही केल्या समजत नव्हतं. सारखं रडत होते की बाबा कधी येणार. तू हळकुंडापासून चार-साडेचार बोटं पुढं एक खडा ठेवलास. "हे आपुन. हे बाबा. हळकुंड खड्याला टेकलं की बाबा दारात." तीन सकाळी मी झाडण्याआधीच उठून बसले. तिसऱ्या दिवशी हळकुंड खड्याला टेकलं आणि ऊन उतरायच्या आत बाबा खरंच दारात उभे राहिले, पेढ्याचा पुडा घेऊन. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात सगळ्या गोष्टींना जागा आहे. तेराचा पाढा मी जात्याभोवती पाठ केला. डिप्लोमाच्या परीक्षेत सिमेंटचं प्रमाण आठवेना तेव्हा मनातल्या मनात टोपल्यांपाशी गेले आणि तिथं ते ठेवलेलं सापडलं. आज हिंगोलीत लोक मला म्हणतात, बाईंना जागेची भारी नजर आहे, रिकामा प्लॉट बघून घर सांगतात. मी हसते आणि तुझं नाव कुणाला सांगत नाही.

आता तो कोपरा. भादव्याच्या कोपऱ्यात तू कधी काही ठेवलं नाहीस. एवढ्याशा खोलीत, जिथं टोपलीवर टोपली चढायची, तिथं ती हातभर जागा मोकळी. मी सहा वर्षांची असताना जवळा बाजार गावाहून आणलेला तेलाचा डबा तिथं टेकवला, आणि तू चुलीपुढून उठून माझ्या पाठीत धपाटा घातलास. तू मला मारायची नाहीस, म्हणून तो मला अजून लागतो. मी भोकाड पसरलं. मग तूच डबा उचललास, कोपरा ओल्या हातानं पुसलास, आणि मला मांडीवर ओढून सांगितलंस, "तिथं तुहा भाऊ हाय."

माझ्या आधीचा. दीड महिन्याचा होऊन गेलेला. त्याचं नाव ठेवलं होतं, पण ते तुझ्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्याला ओढ्याच्या काठी पुरलं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात ओढ्यानं काठ खाल्ला, म्हणजे तीही जागा गेली. तो गेला पितरांचा पंधरवडा लागायच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या वर्षी तू बाबांना म्हणालीस की पितरांत त्याच्या नावानं एक पान वाढू, आणि बाबा म्हणाले, "येवढ्याशा लेकराचं पितर न्हाई घालत. त्याला तिथी नसती." ते काही वाईट मनानं बोलले नाहीत, रीत होती तीच सांगितली. तूही वाद घातला नाहीस. पंचांगात त्याला दिवस नाही म्हणाले, तर तू त्याला भुईवर जागा दिलीस. आत्ता नकाशावर मोजते तर उंबऱ्यापासून महिन्याला तीन फूट धरले की भादव्यातली पुनव बरोबर कोपऱ्यात येते. हे तू जुळवून घेतलंस की आपोआप जुळलं, आता कुणाला विचारू?

घर सारवताना तो कोपरा शेवटी यायचा. बाकी भुई तू भराभर सारवायचीस, गप्पा मारत. त्या कोपऱ्यात आलीस की बोलणं थांबायचं आणि हात हळू व्हायचा, पाळण्यातल्या लेकराला थोपटावं तसा. आणि वर्षातून एकदा, हळकुंड कोपऱ्यात टेकलं की, तू तिथं वाटीभर दूध ठेवायचीस, वर झाकणी. दिवसभर राहायचं. दिवेलागणीला ती वाटी माझ्या हातात द्यायचीस. "घे. तुह्या भावानं ठेवलं तुह्यासाठी." मी गटागटा प्यायचे. साखर घातलेली असायची.

एकदा मी विचारलं, "माय, माझी जागा कुठंय?" माघात जन्मले म्हणून मला वाटलं माघात कुठंतरी असेल. तू हसलीस. "तुला कशाला जागा? तू तर घरभर फिरून राहिलीस." बोलणं सरळ होतं. मला मात्र ते कुठंतरी बोचलं. तुझ्या हाताचं ते हळू होणं माझ्या वाट्याला कधी आलं नाही असं वाटायचं. मी परीक्षेत पहिली यायचे, पाणी भरायचे, गुरांचं बघायचे, आणि तो काहीच न करता कोपऱ्यात बसून होता. दीड महिन्याच्या मेलेल्या भावाचा हेवा करणारी बहीण जगात मी एकटीच असेन.

बाबा गेले, मी नोकरीला लागले, आणि तीन-चार वर्षांत मनात घेतलं की तुझं घर नीट करायचं. सारवून सारवून तुझे गुडघे गेले होते. पत्र्याखालची भिंत प्लास्टर करायची, खाली टाइल्स, गॅसचा ओटा, आणि माझ्याकडून एक फ्रिज. मला तुला चकित करायचं होतं. वैशाखात तुला मावशीकडं आखाडा बाळापूरला पंधरा दिवस पाठवलं. जाताना तू हळकुंडाकडं बोट करून म्हणालीस, "त्याला हात लावू नको. आल्यावर दिवस मोजून मीच सरकवीन." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, जुनी भुई खोदली, आणि हळकुंड मातीबरोबर घमेल्यातून बाहेर गेलं. मी बघत होते. म्हटलं, पोत्यात दुसरी का कमी आहेत?

तू परत आलीस तो दिवस मला रोज आठवतो. टेम्पोतून उतरलीस, मावशीनं दिलेली लोणच्याची बरणी छातीशी धरून. मी दार उघडून बाजूला उभी राहिले, नव्या सुनेसारखी लाजत. तू उंबऱ्यावर थांबलीस. आत पाय टाकलास आणि पटकन चौकट धरलीस. "पाय सरकून राहिले माहे." मग भिंतीच्या कडेनं चालायला लागलीस. वैशाखाच्या भेगेची जागा हातानं चाचपलीस. तिथं गुळगुळीत रंग. टोपल्या बाहेरच्या शेडमध्ये, ओलीचा डाग गेलेला, कोनाडा बुजवून देवासाठी लाकडी देव्हारा ठोकलेला. मी मागून बोलतच होते, टाइल कुठली, रंग कुठला, पाणी कसं निथळतं. तू कोपऱ्याशी आलीस आणि थांबलीस. तिथं फ्रिज उभा होता, पांढरा, प्लास्टिकही न काढलेला.

"हे हितं काहून?"

"प्लगचा पॉइंट तिथंच निघत होता, माय."

"व्हय का," तू म्हणालीस. मग बरणी ओट्यावर ठेवलीस आणि मला जवळ घेऊन माझ्या तोंडावरून हात फिरवलास. "लई केलंस बाई माह्यासाठी." गावातल्या बायका बघायला आल्या त्यांना तू स्वतः फ्रिज उघडून दाखवलास. मी त्या दिवशी फार खुशीत हिंगोलीला परतले.

त्यानंतर तुझे फोन सुरू झाले. आधी तू महिन्यातून एकदा करायचीस, शेजारच्या पोराकडून नंबर लावून घेऊन. आता आठवड्याला. "जेठ लागला का गं?" "आखाडी कधी हाय?" पोत्यातून नवं हळकुंड काढून तू ते ठेवलं होतंस म्हणे, पण कुठं ठेवायचं हेच समजत नव्हतं. टाइलवर ते घरंगळायचं. फरशी पुसली की कुठच्या कुठं जायचं. गावाला आल्यावर मीसुद्धा ते पायात आलं म्हणून दोनदा झाडूनं लोटलं असेल. मी तुला मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर आणून दिलं, चैत्राच्या भिंतीवर खिळा ठोकून लावलं. तू त्यावरच्या देवाला हळदीकुंकू लावलंस आणि आठ दिवसांनी पुन्हा फोन. त्या दिवशी ऑफिसात साहेबांपुढं मी बसले होते. मी ओरडले. "माय, किती वेळा सांगू? भिंतीवर लावलंय ना? काहून सारखं विचारून राहिलीस?" तू म्हणालीस, "बरं बरं. तू कामात हायस." आणि मग तुझे फोन कमी झाले. मला वाटलं, शिकली कॅलेंडर.

तुझं वर्ष हरवलं होतं, माय. तीस वर्षं रोज दीड-दीड बोट चालून जे तू राखलं होतंस ते मी पंधरा दिवसांत खोदून घमेल्यानं बाहेर टाकलं. ज्या बाईला उठल्याबरोबर आपण कुठं आहोत हे दिसायचं, ती शेजारणींना विचारत फिरायला लागली की आज काय आहे. आणि ते मी केलं, जिला लोक जागेची नजर आहे म्हणतात तिनं.

त्या भादव्यात महालक्ष्म्यांना मला सुट्टी मिळाली नाही. त्यानंतरच्या आठवड्यात आले, पितर लागायच्या आदल्या दिवशी, पण ते माझ्या डोक्यात नव्हतं. दुपार होती. तू परसात हळदीच्या वाफ्यात होतीस. मला चहाची तलफ आली. पातेल्यात दूध घोटभर उरलेलं. फ्रिज उघडला तर खालच्या फळीवर, मागं कोपऱ्यात, एक वाटी दूध होतं, वर झाकणी. मी ते चहात ओतलं. साखर घातली, चहा जास्तच गोड झाला, आणि तरी माझ्या काही लक्षात आलं नाही. तू हात धुऊन आत आलीस. एक कप माझ्या हातात होता, एक ओट्यावर, आणि रिकामी वाटी मोरीत. तू वाटीकडं बघितलंस, मग फ्रिज उघडून आत बघितलंस, आणि तो तसाच उघडा ठेवून खाली बसलीस, फरशीवर.

"त्या वाटीतलं घेतलं का?"

"हो. दूध कमी होतं. का गं?"

फ्रिजच्या दिव्याचा उजेड तुझ्या तोंडावर पडला होता. मग तू अगदी हळू म्हणालीस, "त्याच्या जागेवर ह्यो डबा आला. म्हणून म्या आत ठेवलं. पर लई गार हाय आत. गार लागलं आसंल लेकराला."

माझ्या हातातला कप मी कसा खाली ठेवला मला आठवत नाही. तू माझ्याकडं बघितलंस आणि माझं तोंड बघून तुलाच वाईट वाटलं. उठलीस, फ्रिज लावलास, माझा कप उचलून पुन्हा माझ्या हातात दिलास. "घे, पे. त्यानं तुह्यासाठीच ठेवलं व्हतं." लहानपणी द्यायचीस तसंच. मी रडायला लागले. म्हणाले, "माय, माझ्या ध्यानातच राहिलं नाही गं. नकाशा काढताना मला आठवलंच नाही." तू माझी पाठ थोपटत म्हणालीस, "कसं आठवंल बाई? तू तर तवा जन्मलीबी न्हवतीस." मी तो चहा प्यायले. तूही तुझा प्यालीस. मी म्हटलं, उद्याच मिस्त्रीला बोलावून फ्रिज हलवते. तू म्हणालीस, "राहू दे आता. खाली टाइल हाय. सारवता थोडंच येतं तिथं?" तरी मी हलवायला हवा होता. पुढच्या सुट्टीत करू म्हटलं, मग त्याच्या पुढच्या. फ्रिज तिथंच राहिला.

त्यानंतरच्या तिसऱ्या पौषात तू गेलीस. नांदेडच्या दवाखान्यात शेवटचे चार दिवस तुझं बोट खाटेच्या कडेवरून सरकायचं. दीड बोट, थांबायचं, पुन्हा दीड बोट. नर्सला वाटलं चादर ओढतेस, तिनं हात आत घातला. तू पुन्हा काढलास. "उंबरा कुठं हाय?" मला विचारलंस. तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी बरं सुचलं. मी म्हणाले, इथं, तुझ्या पायाशी. उंबऱ्यापासून उजवीकडं चैत्र. तुझा पाय धरून मी तुला वर्ष दाखवत गेले, खाटेच्या कडेनं. गुडघ्याशी जेठ, सलाइनच्या दांडीशी श्रावण. "भादवा?" तू विचारलंस. तुझा तळहात धरून मी उशीच्या कोपऱ्याशी ठेवला. "हा बघ." तू डोळे मिटलेस आणि हात हलवायला लागलीस, हळूहळू, सारवल्यासारखा. खोलीत आपण दोघीच होतो. तेव्हा सांगायला हवं होतं. ओठापर्यंत आलं होतं. पण तुझा हात इतका शांत चालला होता की मी गप्प बसले.

घर बंदच असतं. शेत शेजारचे करतात. गेल्या महिन्यात फ्रिज भंगारवाल्याला दिला, कधीचा बंद पडलेला. दोघांनी तो पुढं ओढला आणि मागं, अगदी भिंतीच्या कोपऱ्यात, हळकुंड पडलेलं होतं. वाळून काळं झालेलं, पण हळकुंडच. घरंगळून गेलं असेल. किंवा तुला कोपरा तेवढा समजत होता आणि बाकीचं वर्ष सोडून तू ते तिथंच सारून दिलं असशील, माझ्या फ्रिजच्या खालून, हात जाईल तेवढा घालून. मला तुझे गुडघे माहीत आहेत. ते टेकून तू तशी वाकलेली असशील हे मनात आलं आणि मी त्या माणसांसमोरच खाली बसले. ते गेल्यावर शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं आणि कोपऱ्यात सारवायला गेले. टाइलवर शेण धरत नाही, माय. पाण्यासारखं सरकतं. दिवसभर तेच करत होते.

तर ती खूण. नकाशात त्या कोपऱ्यात फ्रिजचा चौकोन आहे, त्यात माझ्या अक्षरात "फ्रिज" लिहिलेलं. कागद खिडकीच्या उजेडाला धरला की चौकोनाच्या आत, खोडलेलं, पुसट, एक छोटं गोल वर्तुळ दिसतं. वाटीएवढं, म्हणजे स्केलमध्ये वाटीएवढं. मी ते फ्रिजच्या आधी काढलं होतं. त्या खोलीत सगळ्यात पहिलं तेच काढलं होतं. मग बराच वेळ त्याकडं बघत बसले. प्लगचा पॉइंट कुठंही निघाला असता, तो मीच काढणार होते. पण मला वाटलं, पंचवीस-सव्वीस वर्षं तो तिथं बसलाय, आता त्या घरात माझ्या कमाईचं काहीतरी येतंय, तर ते तिथं उभं राहू दे. तू फरशी पुसायला वाकशील तेव्हा तुझा हात माझ्या वस्तूवरून फिरेल. मी रबर घेतलं.

हे पत्र नकाशात गुंडाळून पुन्हा कपाटात ठेवते आहे. तू मला जन्मभर माफ केलंस ते विसरल्याबद्दल. मी विसरले नव्हते, माय. मला आठवलं होतं.